चालवून घ्या साहेबांना खुले पत्र

मा. चालवून घ्या साहेब,
मुक्काम : लेबर रूमचं दार

नमस्कार लिहावासा वाटत नाही, म्हणून थेट विषयावर येते.

तुमच्याकडे नेमणुकीचं पत्र नाही, हुद्दा नाही, छातीवर बिल्ला नाही. तरी परप्रांतातून आलेली गरोदर बाई केसपेपर घेऊन ओपीडीत आली आणि तिची भाषा समोर कुणालाच येत नाही असं दिसलं, की पुढचा निर्णय तुमचाच असतो. "सोबत कोण आलंय? त्याला विचारा. कुणी नाही? मग खुणेनं चालवून घ्या." डॉक्टर रात्रपाळीनं दमलेल्या असतात, सिस्टरला एका वेळी चार ठिकाणांहून हाक येत असते, बाहेर रांग वाढत असते. तुमचा सल्ला सगळ्यांना सोयीचा पडतो. या सोयीची किंमत मात्र टेबलावर आडवी झालेली बाई भरते, आणि तिला कुणी विचारलेलंही नसतं.

मी बरीच वर्षं लेबर रूममध्ये नर्स होते. निवृत्त झाल्यापासून बांधकामांवरच्या लेबर कॅम्पमधल्या बायकांना तपासणीला घेऊन जाते. म्हणजे तुमचा कारभार मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. एका दवाखान्याचं नाव घेऊन तुम्हाला पळवाट देणार नाही. तुम्ही एका ठिकाणी राहत नाही. जिथे कुणी हटकत नाही तिथे तुम्ही राहता.

आधी ही माणसं कोण, ते पाहू. भिवंडीच्या यंत्रमागांवर तेलुगू बोलणारी घरं पिढ्यान् पिढ्या आहेत. रत्नागिरीच्या आंबाबागांत राखणीला नेपाळी कुटुंबं राहतात. गोव्यात उत्तर कर्नाटकातून आलेल्या कन्नड आणि लमाणी बोलणाऱ्या बायका बांधकामावर पाट्या उचलतात. पुण्या-मुंबईच्या भोवतीच्या इमारती ओडिशा, झारखंड, बिहार आणि बंगालमधून आलेल्या हातांनी उभ्या राहतात. त्यांच्यातल्या कुणाला दिवस गेले, की ती तपासणीसाठी आपल्याच दारात येणार. ती काही आडवाट करून आलेली नसते. तिला इथे आणणाऱ्या ठेकेदारानं बांधलेली घरं आपण घेतली आहेत.

"हिंदी सगळ्यांना येते" हे तुमचं आवडतं वाक्य. 2011च्या जनगणनेत हिंदी या एका शीर्षकाखाली पन्नासहून अधिक मातृभाषा मोजल्या आहेत. पाच कोटींहून अधिक माणसांची भोजपुरी त्यात आहे, मगही आहे, सादरी आहे, खोरठा आहे. कागदावर या सगळ्या बायका हिंदी बोलतात. प्रत्यक्षात झारखंडच्या गुमला जिल्ह्यातून पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या मुलीला आपली टीव्हीवरची हिंदी कितपत कळते, ते तिच्याशेजारी पाच मिनिटं बसल्यावर समजतं. संथाळी तर हिंदीच्या कुळातलीही नाही. ती मुंडा कुळातली आहे, आपल्या मेळघाटातल्या कोरकूसारखी. कोरकू बाई मोठ्या दवाखान्यात आली की तिची काय गत होते हे महाराष्ट्राला माहीत आहे. तीच गत आपण दूरच्या बहिणींच्या वाट्याला आणतो आहोत.

आता तुमच्या दुभाष्यांकडे वळते.

पहिला तुमचा लाडका, मुकादम. एका दुपारी कॅम्पमधली एक संथाळी मुलगी तपासणीला आली होती. आठवा महिना, पहिलटकरीण. बरोबर मुकादम होता. डॉक्टरांनी विचारलं, "बाळ फिरतंय ना?" मुकादमानं तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. "हां मॅडम, सब ठीक है," म्हणाला आणि घड्याळ पाहिलं. मुलगी खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. केसपेपरवर लिहिलं गेलं : हालचाल व्यवस्थित. बाहेरच्या बाकावर तिला गोळ्या मिळायची वाट पाहत असताना कॅम्पमधली दुसरी बाई तिचा जेवणाचा डबा घेऊन आली. ती जमशेदपूरला राहिलेली, संथाळी आणि हिंदी दोन्ही येणारी. मुलगी तिच्याशी बोलायला लागली आणि ती बाई धावत आत आली : बाळ कालपासून हललेलं नाही. ठोके पाहिले, कमी होते. लगेच सिझर झालं. बाळ जगलं.

साहेब, त्या दिवशी बाळाला वाचवलं ते एका स्टीलच्या डब्यानं. डबा अर्धा तास उशिरा आला असता तर तुमच्या केसपेपरावर हालचाल व्यवस्थितच राहिली असती. ज्या व्यवस्थेत बाळाचा जीव डबा कधी येतो यावर अवलंबून असतो, तिच्याबद्दल तुम्ही खाली मान घालायला हवी. मुकादमाला त्या मुलीची हजेरी हवी होती, सुट्टी नको होती. त्याला दुभाषी नेमलं तुम्ही.

दुसरा दुभाषी, नवरा. नाव, गाव, वय सांगायला नवरा पुरेसा आहे. पण यापूर्वी किती वेळा दिवस गेले होते, गर्भ पाडला होता का, घरात मारहाण होते का, हे प्रश्न नवऱ्यामार्फत विचारून खरी उत्तरं मिळतील असं तुम्हाला खरंच वाटतं? मार देणाराच मार पडत नाही असं सांगणार. प्रत्येक गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी होते. तिचा निकाल गुप्त ठेवायचा, तपासणीआधी तिची संमती घ्यायची, हे 2017च्या एचआयव्ही कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. नवरा सोबत नसला, की तो निकाल तुम्ही शेजारच्या खोलीतल्या भाडेकरूला मोठ्यानं समजावून सांगायला लावता आणि तिला सांगितलं म्हणता.

तिसरा दुभाषी, तिची मुलगी. आठ-नऊ वर्षांची. इथल्या शाळेत जाते, मराठी पटकन उचलली आहे. आईला अंगावरून किती जातंय, तिच्या पोटातलं बाळ राहील की नाही, हे त्या पोरीच्या तोंडून वदवलं जातं. एवढं ओझं मुलाच्या डोक्यावर ठेवणाऱ्याला आपण घरात काय म्हणतो, तेच मी तुम्हाला म्हणते.

चौथी दुभाषी वॉर्डातली मावशी. ती मनानं चांगली, हाताशी असते, दोन शब्द तिला येतात. तिला फरशी पुसता पुसता हाक मारायची आणि रक्तदाब, झटके, सिझर समजावून सांगायला लावायचं. तिला ना शिकवलेलं, ना त्याचा पैसा. चूक झाली की खापर तिच्यावर.

बाळंतपणात भाषा कुठे कुठे लागते, याची तुम्हाला कल्पनाच नसावी. पहिली नोंद असते शेवटच्या पाळीची तारीख. अनेक बायका ती सणावरून सांगतात. झारखंडची बाई म्हणेल, सरहुलच्या आधी. हा चैत्रातला सण आहे हे ज्याला ठाऊक आहे तो हिशेब करेल. ज्याला ठाऊक नाही तो अंदाजे महिना टाकेल. पुढे हाच अंदाज जीवावर येतो. 34 आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर बाळाची फुप्फुसं पक्व व्हावीत म्हणून आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं द्यायची असतात. आठवडेच चुकले तर ती द्यायची की नाही हे कशावरून ठरवणार?

मग धोक्याच्या खुणा. डोकं फुटेल इतकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात कळ. रक्तदाब वाढलेल्या गरोदर बाईला झटके येण्याआधी शरीर हा इशारा देतं. रक्तदाब मशीन दाखवतं. अंधारी येते आहे की नाही हे कुठलंही मशीन दाखवत नाही. ते फक्त ती सांगू शकते. पाणी कधी गेलं, पाण्याचा रंग कसा होता, मागच्या वेळी बाळ कसं झालं, रक्त जास्त गेलं होतं का, ही सगळी माहिती तिच्याच जवळ आहे. आणि तुम्ही तिच्याच तोंडाला कुलूप लावता.

कळांच्या वेळी तर विचारू नका. बाळाचं डोकं बाहेर येताना तिला कधी जोर लावायला सांगायचं असतं, कधी जोर थांबवून श्वास घ्यायला. त्या क्षणी चुकीचा जोर लागला तर खालची जागा फाटते, टाके वाढतात. सूचना कळली नाही की आवाज चढतो. आवाजानं काम झालं नाही की "ऐकत नाहीत या" म्हणून मांडीवर चापट बसते. ती ऐकत असते. तिला कळत नसतं. हे चापट मारणाऱ्या हाताला कुणी शिकवलं नाही. मी ती चापट पाहिली आहे, अडवलीही आहे, आणि ती एकट्या सिस्टरचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. तिला शब्दाची सोय न देता तुम्ही तिच्याकडून काम करून घेता, तेव्हा त्या चापटीत तुमचाही हात असतो.

आणि संमतिपत्र. मराठी किंवा इंग्रजीत छापलेला कागद, खाली रिकामी रेघ, शेजारी शाईचा पॅड. अंगठा उमटला की तुमचं समाधान होतं. सर्वोच्च न्यायालयानं 2008मध्ये समीरा कोहली प्रकरणात काय सांगितलं, ते वाचा. एका सज्ञान स्त्रीला भूल दिलेली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय काढलं होतं. न्यायालयानं ती संमती मानली नाही. संमती तिची स्वतःची हवी, आणि तिला पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली हवी. सख्ख्या आईची सही जिथे चालली नाही, तिथे मुकादमाच्या "हां मॅडम"वर तुम्ही शस्त्रक्रिया कशी करता? 2016मध्ये देविका बिस्वास प्रकरणात नसबंदीबद्दल न्यायालयानं आणखी स्पष्ट सांगितलं : माहिती त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत द्या, परिणाम समजावून सांगा आणि विचार करायला वेळ द्या. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतही रुग्णाला कळणाऱ्या भाषेतल्या माहितीचा हक्क आहे.

बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत तांबी बसवता येते. चांगली सोय आहे, मी स्वतः अनेकींना सुचवली आहे. पण ज्या बाईला तांबी बसवली हेच कळलेलं नाही, ती गावी परतते, अंगावरून जास्त जायला लागतं, आणि ती कुणी करणी केली का हे शोधत बसते. दुसरं मूल राहत नाही म्हणून घरात बोलणी खाते. तिच्या शरीरात काय आहे ते सगळ्या वॉर्डाला माहीत होतं, तिला सोडून.

तुम्ही लगेच आकडा काढाल : महाराष्ट्राचा मातामृत्यू दर 2018-20मध्ये लाखाला 33, देशाचा 97. मला या आकड्याचा अभिमान आहे. तो खाली आणण्यात माझ्यासारख्या हजारो नर्सेसच्या रात्री गेल्या आहेत. पण हा आकडा मेलेल्या बायका मोजतो. भीतीनं थरथरत, काहीही न कळता बाळंत होऊन गेलेल्या बायका त्यात येत नाहीत.

पैसा नाही, हे तुमचं दुसरं उत्तर. 2011पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे. सिझर मोफत, औषधं मोफत, रक्त मोफत, जेवण मोफत, गाडीही मोफत. 2019च्या सुमन योजनेनं सन्मानानं वागवण्याचं आणि कुणालाही परत न पाठवण्याचं वचन दिलं. या यादीत तिला आपलं दुखणं सांगता येईल अशी सोय तेवढी राहून गेली. बांधकामाच्या खर्चावर मजूर कल्याणासाठी उपकर घेतला जातो आणि तो खर्च करणाऱ्या कल्याण मंडळाच्या कामांत 1996च्या कायद्यापासून प्रसूतीचा लाभही आहे. ज्या कामगारांच्या नावानं पैसा जमतो, त्यांच्या बायकांशी बोलण्यासाठी त्यातला थोडा खर्च झाला तर कुणाचं काही बुडत नाही.

तिसरं उत्तर तुम्ही दबक्या आवाजात देता : "महाराष्ट्रात राहायचं तर मराठी शिकावी त्यांनी." माझ्या मराठीचा मला मान आहे. कॅम्पमधल्या बायकांना मी मराठी शिकवते आणि त्या आनंदानं शिकतात. पण कळा सुरू झालेल्या बाईला शिकवणी लावायची नसते. 2024मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. एवढ्या मोठ्या भाषेच्या घरी आलेली परकी बाळंतीण आपल्याला काय झालं हे न कळताच परत गेली, तर कमीपणा तिला नाही, आपल्याला आहे.

आपल्याच लेकी परदेशात बाळंत होतात तेव्हा काय मिळतं ते आठवा. ऑस्ट्रेलियानं 1973मध्येच टेलिफोनवरून दुभाषी देणारी सरकारी सेवा सुरू केली. ब्रिटनच्या 2010च्या मार्गदर्शक सूचना नव्यानं आलेल्या गरोदर स्त्रियांसाठी सांगतात, की दुभाषी तिच्या घरातला नको, नवरा नको. त्यांच्या खजिन्याचा आकार वेगळा आहे हे मान्य. पण नवऱ्याला बाहेर बसवायला खजिना लागत नाही.

आणि भाषेचं महत्त्व आपल्या सरकारला कळत नाही असंही नाही. 2005मध्ये गावच्या आरोग्य कार्यकर्तीची आशा योजना आली तेव्हा पहिली अट घातली गेली : आशा त्याच गावची रहिवासी हवी. गावच्या बाईशी गावची बाईच बोलू शकते, हे धोरणात लिहिलेलं आहे. मग ती बाई पोटासाठी गाव सोडून रेल्वेत बसली की तो हक्क कुठल्या स्टेशनवर उतरतो? तिची आशा तिकडे ओडिशातल्या मयूरभंजात किंवा झारखंडच्या गुमल्यात अजून काम करते आहे. तिच्या हातात फोन आहे. अनेकदा तिला थोडीबहुत हिंदीही येते. बाईकडे गावचं माता-बाल संरक्षण कार्ड असेल तर त्यावर तिथल्या कार्यकर्तीच्या नावाची जागाही आहे. इतकी वर्षं तुम्ही तो फोन लावला नाही.

म्हणून तुमच्या जागी काय यायला हवं ते सांगते. केसपेपरवर नावाखाली भाषेची ओळ असावी, आणि ती बाईला विचारून भरावी. प्रत्येक लेबर रूममध्ये स्पीकरवाला एक फोन आणि संथाळी, उडिया, सादरी, तेलुगू, कन्नड, नेपाळी, बांगला, भोजपुरी बोलणाऱ्या शिकवलेल्या बायकांची यादी असावी. या बायका शोधायला लांब जावं लागत नाही. डबा घेऊन आलेली ती बाई याच कामासाठी घडलेली आहे. तिला थोडे दिवस शिकवा : जे बोललं ते सगळं सांगायचं, आपलं काही घालायचं नाही, कानावर आलेलं बाहेर न्यायचं नाही. आणि तिला मानधन द्या, उपकार म्हणून राबवू नका. गावच्या आशाला फोन लावला तर तिलाही त्या फोनचे पैसे मिळावेत. मात्र मारहाण, गर्भपात, एचआयव्ही अशा गोष्टी तिच्यामार्फत विचारू नयेत, कारण ती त्याच गावची आहे आणि गोष्ट गावात पोचायला वेळ लागत नाही. जोर लाव, जोर थांबव, श्वास घे, बाळ बाहेर येतंय, आता टाके घालते आहे, अशा सूचना त्या त्या भाषेतल्या बाईच्या आवाजात मोबाईलवर भरून ठेवा. आणीबाणीत मोबाईलवरच्या भाषांतराचा आधार घ्यावा लागला तर घ्या, पण त्याच्या भरवशावर संमती घेऊ नका. आणि एक नियम दारावर मोठ्या अक्षरांत लावा : लहान मुलाला दुभाषी करायचं नाही, मुकादमाला आत घ्यायचं नाही.

यातलं एकही काम अवघड नाही. आजवर ते झालं नाही, कारण तुम्ही दारात उभे होतात आणि खालपासून वरपर्यंत प्रत्येकजण तुमच्याकडे पाहून पुढे जात होता.

दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची तपासणी होते. येत्या 9 तारखेला मी कॅम्पमधल्या बायकांना घेऊन येते आहे. त्यांच्यासोबत त्यांची आणि डॉक्टरांची, अशा दोन्ही भाषा येणारी एक बाईही असेल. तपासणीच्या खोलीत तिला खुर्ची मिळेल, तिच्या वेळेचे पैसे मिळतील आणि मुकादम बाहेर बसेल, एवढं मी त्या दिवशी मागणार आहे आणि मिळेपर्यंत रांग सोडणार नाही. तुम्ही तेव्हा दारात दिसलात, तर सगळ्यांसमोर तुमचं नाव घेऊन तुम्हाला बाजूला व्हायला सांगेन. डॉक्टरांनो, सिस्टरनो, तुम्हीही माझ्याबरोबर सांगा.

कळावे,
एक निवृत्त परिचारिका